जुन्या आर्केड कॅबिनेटमध्ये अनेक गेम, पण कॅबिनेटला धक्का न लावता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे सगळे प्रश्न वाचकांकडून पुन्हा पुन्हा आलेले आहेत. सोपे आधी घेतले आहेत, अडचणीचे नंतर.

१. मूळ गेम तसाच ठेवून त्याच कॅबिनेटवर दुसरे गेम खेळता येतात का?

येतात. कॅबिनेटमध्ये स्क्रीन, स्पीकर, बटणं आणि वीजपुरवठा असतो. गेम असतो तो आतल्या सर्किट बोर्डात. बहुतेक कॅबिनेटमध्ये हा बोर्ड एका लांबट कनेक्टरने बाकीच्या वायरिंगला जोडलेला असतो. कनेक्टर बोर्डावरून ओढून काढला की त्या जागी दुसरं काहीही लावता येतं. अट एवढीच, की नव्या वस्तूने तेच सिग्नल त्याच पिनांवर दिले-घेतले पाहिजेत.

खालची सगळी उत्तरं एका नियमावर उभी आहेत. कनेक्टरच्या अलीकडे, म्हणजे तुम्ही नव्याने आणलेल्या सामानात, वाटेल ती तोडफोड करा. कनेक्टरच्या पलीकडे, म्हणजे कॅबिनेटच्या वायरी, मॉनिटर, पॅनल, लाकूड आणि पत्रा यांत, काहीही कापायचं नाही, भोक पाडायचं नाही, सोल्डर करायचं नाही.

२. एखादा स्क्रू मारला तर लगेच "कायमचा बदल" होतो का?

माझी कसोटी साधी आहे. स्क्रू ड्रायव्हर आणि पाना एवढ्याच हत्यारांनी सगळं पूर्ववत झालं पाहिजे आणि आधी इथे काही लावलं होतं हे पाहणाऱ्याला कळता कामा नये. तळाच्या फळीत आतून मारलेला बारीक स्क्रू कुणाला दिसणार नाही, हे खरं. पण त्याची गरजच नसते. कॅबिनेटच्या तळावर बसेल एवढा प्लायचा तुकडा घ्या आणि नवा बोर्ड, सप्लाय, ॲम्प्लिफायर सगळं त्यावर पक्कं करा. उद्या नको झालं तर तुकडा उचलून बाहेर.

जुन्या कॅबिनेटची खरी नासाडी होते ती ठरलेल्या जागी: कंट्रोल पॅनलला जादा बटणांसाठी पाडलेली भोकं, नाण्याच्या दारातून काढलेलं यूएसबीचं भोक, एलसीडी मावावी म्हणून करवतीने कापलेला मॉनिटरचा आधार, आणि सगळ्यात वाईट म्हणजे मूळ कनेक्टर छाटून वायरी एकमेकींना पिळून जोडणं. कापणाऱ्याला कुठली वायर कुठली ते माहीत असतं. पुढच्या मालकाला नसतं, आणि त्याला ते शोधायला एकेक वायर मीटर लावून तपासावी लागते.

चिकटपट्टीबद्दल वेगळं सांगतो, कारण तिला लोक निरुपद्रवी समजतात. कॅबिनेटच्या बाजूंवरची चित्रं बऱ्याचदा स्क्रीन प्रिंटिंगने थेट लाकडावर छापलेली असतात. दुहेरी चिकटपट्टी ओढली की तिच्याबरोबर रंगही येतो. आतल्या बाजूलाही सर्किट आकृती किंवा सेटिंगचा कागद डकवलेला असतो. त्यावर काही चिकटवू नका.

कामाला हात घालण्याआधी सगळ्या जोडण्यांचे जवळून फोटो काढा आणि प्रत्येक प्लगला दोरीने चिठ्ठी बांधा.

३. माझं कॅबिनेट जॅमा आहे की नाही हे कसं ओळखू?

जॅमा हे जपानमधल्या आर्केड उत्पादकांच्या संघटनेचं नाव. या संघटनेने १९८५ मध्ये कनेक्टरची एक सामाईक रचना ठरवली, तीही त्याच नावाने ओळखली जाते. एका बाजूला २८ आणि दुसऱ्या बाजूला २८ अशा ५६ पिना, दोन पिनांमधलं अंतर ३.९६ मिलिमीटर. सातव्या जागी पिनेऐवजी अडसर असतो, म्हणजे बोर्ड उलटा बसू नये.

नुसता आकार पाहून मात्र खात्री धरू नका. तसाच ५६ पिनांचा कनेक्टर लावून आत वेगळीच वायरिंग केलेली कॅबिनेटं असतात. गेम बोर्ड काढून ठेवा, कॅबिनेट चालू करा आणि मल्टिमीटर डीसीवर ठेवा. काळी तार पिन १ वर, ती ग्राउंड. लाल तार पिन ३ किंवा ४ वर ठेवली की ५ व्होल्ट दिसायला हवेत, पिन ६ वर १२ व्होल्ट, पिन ५ वर उणे ५ व्होल्ट. उणे ५ नसले तरी घाबरू नका, नंतरच्या बऱ्याच बोर्डांना ते लागतच नाहीत. काही जुने सप्लाय लोड नसताना आकडा नीट दाखवत नाहीत, तेही लक्षात ठेवा.

सातव्या जागेचा अडसर पडून गेला असेल तर तो आधी नवा बसवा. कनेक्टर उलटा घातला तर पिन ६ चे १२ व्होल्ट पलीकडच्या २३ व्या पिनवर, म्हणजे दुसऱ्या खेळाडूच्या बटणाच्या इनपुटवर जातात. त्यापुढे त्या चिपचं काय होणार हे वेगळं सांगायला नको.

४. कॅबिनेट १९८५ च्या आधीचं आहे. मग काय?

तेव्हा प्रत्येक कंपनीची वायरिंग वेगळी होती, म्हणून त्या विशिष्ट गेमचा अडॅप्टर लागतो. अडॅप्टरच्या एका टोकाला मूळ बोर्डासारखीच कडा असते आणि दुसऱ्या टोकाला जॅमा कनेक्टर. मूळ वायरिंग या कडेवर घालायची. कापाकापी शून्य. पण जुन्या कॅबिनेटमध्ये असे काही खड्डे आहेत की जे जॅमावाल्यांच्या स्वप्नातही येत नाहीत.

पॅकमॅन (१९८०) घ्या. त्याचा कनेक्टर ४४ पिनांचा. त्यातून बोर्डाला ५ व्होल्ट डीसी येतच नाही. ट्रान्सफॉर्मरमधून साधारण ७ व्होल्ट एसी येतो आणि तो डीसी करण्याचं काम गेम बोर्ड स्वतः करतो. तुम्ही बोर्ड काढलात की ही सोयही त्याच्याबरोबर गेली. त्या वायरी नव्या बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पिनांना गेल्या तर तो तिथेच संपला. इथे नव्या सामानाला स्वतंत्र सप्लाय द्यायचा आणि एसीच्या पिना अडॅप्टरवर मोकळ्या सोडायच्या.

डाँकी काँग (१९८१) आणि त्या काळातली निन्टेंडोची इतर कॅबिनेटं आणखी निराळी. त्यांचा सान्यो मॉनिटर उलटा व्हिडिओ सिग्नल मागतो, म्हणजे नेहमीचा सिग्नल दिला तर फोटोच्या निगेटिव्हसारखं चित्र येतं. आवाजाचा ॲम्प्लिफायरही मॉनिटरच्याच सर्किटवर असतो. सिग्नल उलटा करणारी छोटी पाटी मिळते. ती अडॅप्टर आणि मॉनिटरच्या मधे लावायची, मॉनिटरमध्ये काही बदलायचं नाही.

पॅकमॅनसाठी आणखी एक मार्ग आहे. मूळ बोर्डावरचा झेड८० प्रोसेसर सॉकेटमधून काढून तिथे छोटी उपपाटी बसवायची आणि त्याच हार्डवेअरवर चालणारे बरेच गेम मिळवायचे. यात इम्युलेशन, म्हणजे सॉफ्टवेअरने केलेली जुन्या बोर्डाची नक्कल, नाही, मूळ बोर्डच चालतो. ही युक्ती तितकीच जुनी आहे: मिस पॅकमॅन हा गेम पॅकमॅनच्या बोर्डावर झेड८० च्या जागी उपपाटी लावूनच बाजारात आला होता. फक्त जुनी सॉकेटं पुन्हा पुन्हा उपसणं सहन करत नाहीत. एकदा लावलंत की लावलंत, आणि काढलेला झेड८० काळ्या फोममध्ये टोचून जपून ठेवा.

५. साठ गेमचा तयार बोर्ड घेऊ, की कॉम्प्युटर लावू?

तयार मल्टीगेम बोर्ड सरळ जॅमा कनेक्टरवर बसतो, काही क्षणांत चालू होतो आणि मेन स्विचवरून बंद केला तरी त्याला काही होत नाही. घरातल्या कुणालाही काही शिकवावं लागत नाही. पण गेमची यादी ठरलेली, काहींचे आवाज चुकीचे, आणि या बोर्डांमधले गेम जवळजवळ नेहमीच मूळ मालकांच्या परवानगीशिवाय भरलेले असतात.

कॉम्प्युटरवर मेम हे जुन्या आर्केड बोर्डांची नक्कल करणारं सॉफ्टवेअर चालतं. निकोला साल्मोरियाने ते १९९७ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलं. २०१६ पासून ते मुक्त परवान्यावर आहे. हवे ते गेम, हवी ती सेटिंग, पण जुळवाजुळव बरीच. तिसरा मार्ग एफपीजीएचा, म्हणजे मूळ सर्किटचं वागणंच एका चिपमध्ये पुन्हा उभं करणारा. मिस्टर हा त्यातला प्रसिद्ध प्रकल्प, डीई१०-नॅनो बोर्डावर चालणारा. त्यावर जोडपाटी बसवली की तो १५ किलोहर्ट्झचा ॲनालॉग सिग्नल देतो आणि हाताला उशीर जवळपास जाणवत नाही, पण त्यात फक्त ज्यांचे कोअर, म्हणजे त्या चिपसाठी लिहिलेल्या सर्किटच्या प्रती, तयार झाले आहेत तेच गेम मिळतात.

माझा कल विचाराल तर, कॅबिनेट मूळ सीआरटीसह, म्हणजे काचेच्या नळीच्या जुन्या मॉनिटरसह, चालू असेल आणि खेळायचे ते १९८० च्या दशकातलेच गेम असतील, तर एफपीजीए. सगळ्या काळातले गेम हवे असतील तर पीसी. पाहुणे आले की चार जणांनी दोन तास खेळावं एवढीच इच्छा असेल, तर तयार बोर्डाला नाक मुरडण्याचं कारण नाही.

६. पीसीची व्हीजीए केबल थेट आर्केड मॉनिटरला जोडली तर?

जोडू नका. जुने आर्केड मॉनिटर आडव्या रेषा सेकंदाला साधारण १५,७०० वेळा काढतात, म्हणजे १५.७ किलोहर्ट्झ. पीसीचा नेहमीचा सिग्नल ३१ किलोहर्ट्झचा, जवळजवळ दुप्पट. चित्र फाटकं दिसतं तेवढ्यावर भागत नाही. काही मॉनिटरचा आडव्या दिशेचा आउटपुट ट्रान्झिस्टर यात जळतो.

लोक विसरतात ते हे, की गेम १५ किलोहर्ट्झवर सेट केला तरी पीसी चालू होतानाची पहिली काळी-पांढरी स्क्रीन ३१ वरच येते. त्यावर दोन उपाय. एक, १५ किलोहर्ट्झपेक्षा जास्तीचा सिग्नल अडवणारा अडॅप्टर घ्या. पीसी आणि जॅमा यांच्यामधले काही अडॅप्टर हे काम करतात. दोन, पीसी पूर्ण सुरू होईपर्यंत मॉनिटर बंद ठेवा. सॉफ्टवेअरच्या बाजूला ॲनालॉग आउटपुट असलेलं जुनं रेडिऑन कार्ड, त्यासाठी बनवलेला सीआरटी इमूड्रायव्हर आणि प्रत्येक गेमला त्याचंच रेझोल्यूशन देणारं ग्रूव्हीमेम ही जोडी बरीच वर्षं टिकून आहे.

सगळे आर्केड मॉनिटर १५ चेच असतात असंही नाही. २५ आणि ३१ किलोहर्ट्झचे मॉनिटरही आहेत. मॉनिटरच्या मागचा मॉडेल क्रमांक पाहून मगच ठरवा.

७. चित्र येतं, पण फार गडद आहे किंवा वर-खाली पळतं.

गडद असेल तर सिग्नल कमी पडतो आहे. पीसीचा रंगांचा सिग्नल ०.७ व्होल्टचा, आर्केड मॉनिटरला त्याहून बराच जास्त लागतो. मधे व्हिडिओ ॲम्प्लिफायर हवा. जे-पॅकसारख्या अडॅप्टरमध्ये तो असतो. मॉनिटरच्या मागची ब्राइटनेसची आणि रंगांची बटणं फिरवून हे दुरुस्त करायला जाऊ नका. मूळ बोर्ड परत लावाल तेव्हा सगळे रंग पुन्हा जुळवत बसावं लागेल.

चित्र पळत असेल तर सिंक, म्हणजे रेषा आणि चित्र कुठे सुरू होतं ते मॉनिटरला सांगणारा सिग्नल, पाहा. पीसी आडवा आणि उभा सिंक वेगवेगळे देतो, जॅमामध्ये दोन्ही मिळून एकाच पिनवर लागतात.

फक्त काही गेमच पळत असतील तर गोष्ट वेगळी आहे. सगळे आर्केड गेम ६० हर्ट्झवर चालत नाहीत. पॅकमॅन ६०.६ वर, आर-टाइप ५५ वर, मॉर्टल काँबॅट ५४.७ वर. मूळ बोर्डासाठी आधीच्या मालकाने जसं मॉनिटरचं व्हर्टिकल होल्ड (चित्र वर-खाली पळू न देणारं बटण) लावलं असेल, त्यात दुसरा गेम बसेलच असं नाही. हे एकच बटण थोडंसं हलवायला माझी हरकत नाही, पण आधीच्या जागेवर पेन्सिलीने खूण करा.

८. या सगळ्यात मॉनिटरला हात लावावा लागतो का?

सहसा नाही, आणि लावूही नये. चालू सीआरटीच्या ॲनोडवर २० हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि बंद केल्यावरही तो काही काळ टिकून राहतो. होल्डचं बटण हलवायचं झालंच तर प्लास्टिकचा स्क्रू ड्रायव्हर आणि एकच हात. दुसरा हात खिशात.

आणखी एक. बऱ्याच जुन्या मॉनिटरला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लागतो, कारण त्यांच्या चौकटीवरच मेनचा दाब असू शकतो. कॅबिनेटच्या तळाशी असलेला तो जड ट्रान्सफॉर्मर "आता नवा सप्लाय आहे, हा कशाला" म्हणून काढून टाकू नका.

९. माझा स्क्रीन उभा आहे. आडवे गेम चालतील का?

एलसीडीवर लहान होऊन चालतील. १५ किलोहर्ट्झच्या सीआरटीवर मात्र रेषाच पुरत नाहीत, आणि स्ट्रीट फायटर २ सारखा ३८४ बाय २२४ चा आडवा गेम उभ्या नळीवर दाबून बसवला की अक्षरंही धड वाचता येत नाहीत. मॉनिटर काढून आडवा करावा असं वाटेल. काही कॅबिनेटमध्ये ती सोय कारखान्यातूनच असते; नसेल तर नाद सोडा. उभ्या स्क्रीनसाठी चांगले गेम थोडेथोडके नाहीत: पॅकमॅन, डाँकी काँग, गॅलागा, १९४२.

१०. ॲस्टेरॉइड्सच्या कॅबिनेटमध्ये मेम चालवता येईल का?

ॲस्टेरॉइड्स (१९७९), टेम्पेस्ट (१९८१), स्टार वॉर्स (१९८३) यांचे मॉनिटर व्हेक्टर प्रकारचे आहेत. ते रेषांवर रेषा टाकून चित्र भरत नाहीत, सरळ एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत किरण नेतात. नेहमीचा व्हिडिओ सिग्नल त्यांना समजतच नाही. मेममधून व्हेक्टरच्या आज्ञा बाहेर काढून त्या मॉनिटरला देणाऱ्या खास पाट्या आहेत, पण त्यावर फक्त व्हेक्टर गेमच चालतील. अशा कॅबिनेटमध्ये एलसीडी बसवण्याचा विचार मनात आला, तर आधी त्या नळीवरची प्रखर गोळी अंधारात एकदा उडताना पाहा.

११. सीआरटी बंद पडली आहे. एलसीडी लावली तर चालेल?

चालेल. मूळ मॉनिटर ज्या बोल्टवर होता त्याच बोल्टवर बसणारी लाकडी चौकट करा, एलसीडीच्या मागच्या चार भोकांना एक पट्टी लावा आणि पट्टी चौकटीला जोडा. काचेमागचं छापील कव्हर जसंच्या तसं राहू द्या. सीआरटी मात्र फेकू नका. अशा नळ्या आता बनत नाहीत आणि पुष्कळदा नळी ठणठणीत असते, बिघाड असतो तो मागच्या सर्किटवरच्या कपॅसिटरमध्ये. मानेवर भार येणार नाही अशी ठेवून द्या.

१२. नव्या सामानाला कॅबिनेटच्याच सप्लायवर चालवू का?

जॅमावर बसणाऱ्या तयार बोर्डासाठी हो, कारण तो त्याच कनेक्टरमधून ५ व्होल्ट घेतो. रास्पबेरी पाय या एकाच पाटीवरच्या छोट्या कॉम्प्युटरसाठी मी वेगळा अडॅप्टर सुचवतो. पाय ४ ला ५ व्होल्ट, ३ अँपियरचा सप्लाय लागतो आणि दाब थोडा जरी खाली गेला तरी तो अडखळतो. चाळीस वर्षांच्या सप्लायकडून एवढ्या शिस्तीची अपेक्षा धरू नये.

दोन्ही सप्लाय मात्र एकत्र जोडायचे नाहीत. ग्राउंड सामाईक ठेवा, ५ व्होल्ट वेगळे. नाहीतर एक बंद असताना दुसऱ्याचा करंट उलटा शिरतो आणि बोर्ड धड बंदही नाही, धड चालूही नाही अशा अवस्थेत राहतो.

पायच्या पिनांना ३.३ व्होल्टच चालतात. कॅबिनेटमधून येणारी ५ व्होल्टची कोणतीही वायर त्यांना थेट लावली तर पाय मरतो. जॅमासाठीच बनवलेला अडॅप्टर घ्या, त्यात ही काळजी घेतलेली असते.

१३. आवाज येत नाही, किंवा फार बारीक येतो.

जॅमा कॅबिनेटमध्ये ॲम्प्लिफायर नसतो. तो गेम बोर्डावर असतो आणि कनेक्टरच्या पिन १० आणि तिच्यामागच्या पिनवरून थेट स्पीकरला जातो. म्हणून पीसीच्या हेडफोनच्या आउटपुटने काम भागत नाही. छोटा ॲम्प्लिफायर घ्या आणि तो तुमच्या प्लायच्या तुकड्यावर बसवा.

इथे एक फसवी गोष्ट आहे. आजकालचे बरेचसे स्वस्त ॲम्प्लिफायर ब्रिज प्रकारचे असतात, म्हणजे त्यांच्या आउटपुटची कुठलीच तार ग्राउंड नसते. जुन्या कॅबिनेटमध्ये स्पीकरची उणे तार कधी कधी ग्राउंडला जोडलेली असते. अशा वेळी ॲम्प्लिफायर तापतो आणि मरतो. मीटरने आधी पाहा: स्पीकरची उणे बाजू आणि पिन १ यांत बीप आली, तर ब्रिज नसलेला ॲम्प्लिफायर घ्या.

१४. बटणं कमी पडतात. पॅनलला दोनच भोकं वाढवली तर?

नको. दुसरं पॅनल बनवा. बहुतेक कॅबिनेटचं पॅनल बिजागरी आणि दोन कड्यांवर सुटं निघतं. मूळ पॅनलची मापं कागदावर उतरवून तशीच फळी किंवा पत्रा कापून घ्या, त्यावर हवी तेवढी बटणं लावा, आणि मूळ पॅनल वायरिंगसकट कापडात गुंडाळून ठेवा. जॅमाच्या मूळ रचनेत एका खेळाडूला तीन बटणं आहेत. स्ट्रीट फायटर २ (१९९१) मधल्या लाथांची तीन बटणं खुद्द मूळ बोर्डावरही वेगळ्या प्लगने जोडलेली होती, तेव्हा तुम्हीही जादा बटणं वेगळ्या यूएसबी एन्कोडरवर (बटणांचे सिग्नल कॉम्प्युटरला पाठवणाऱ्या पाटीवर) घ्या, जॅमाच्या वायरिंगमध्ये घुसवू नका.

१५. पॅकमॅन खेळताना वळण चुकतं, जॉयस्टिक खराब झाली का?

खराब नाही, ती बहुधा आठ दिशांची आहे. पॅकमॅन आणि डाँकी काँगला चार दिशांची लागते. आठची असली तर हात कोपऱ्यात गेला की गेमला एकाच वेळी दोन दिशा मिळतात. अनेक जॉयस्टिकच्या खालची पट्टी फिरवून चार-आठ बदलता येतं. मेममध्येही हे सॉफ्टवेअरने करता येतं, पण हाताला ते जाणवत नाही. क्यू-बर्टची जॉयस्टिक तर ४५ अंश फिरवलेली असते. त्यासाठी दुसरं पॅनलच हवं.

१६. मूळ ट्रॅकबॉल किंवा स्पिनर वापरता येईल का?

येईल. सेंटिपीड आणि मिसाइल कमांडचे ट्रॅकबॉल, आर्कनॉइडचा स्पिनर, यांच्या आत भोकांची चकती आणि प्रकाशाचे सेन्सर असतात. त्यांचे सिग्नल वाचून माउस म्हणून पाठवणारे यूएसबी एन्कोडर मिळतात. मूळ प्लगला जुळणारा प्लग लावून जोडणी करा. उलट दिशेला फिरत असेल तर वायरी बदलू नका, मेममध्ये दिशा उलटी करा.

१७. खरं नाणं टाकूनच गेम सुरू व्हावा, असं करता येतं का?

नाण्याची यंत्रणा म्हणजे शेवटी एक स्विच, आणि त्याची वायर जॅमात पिन १६ वर येतेच. मेममध्ये ते नाण्याच्या कळीला जोडा. गेममधून बाहेर पडण्यासाठी वेगळं बटण लावायची गरज नाही: स्टार्ट दाबून धरून दुसरं एखादं बटण, असा जोड ठेवा. एस्केप एकट्या बटणावर ठेवलंत तर कुणीतरी ऐन रंगात आलेला खेळ बंद करणारच.

१८. मेन स्विच बंद केला की पायचं कार्ड खराब होतं.

कारण तेव्हा त्यावर काहीतरी लिहिलं जात असतं. पायच्या सेटिंगमध्ये ओव्हरले फाइल सिस्टीमचा पर्याय आहे. तो चालू केला की कार्डावर काही लिहिलंच जात नाही आणि कॅबिनेट खुशाल मेनवरून बंद करता येतं. मात्र तेव्हा सर्वोच्च गुणही पुसले जातात. ते हवे असतील तर त्यांच्यापुरता पेन ड्राइव्ह वेगळा ठेवा. नवे गेम भरताना ओव्हरले बंद करावा लागतो, नाहीतर पुन्हा चालू केल्यावर ते गायब.

१९. मूळ बोर्ड काढून ठेवू, की आतच राहू दे?

जॅमा असेल तर स्विचर घ्या. एका बाजूला मूळ बोर्ड, दुसऱ्या बाजूला नवा, मधे बटण. जो चालू आहे त्यालाच वीज मिळते असा स्विचर निवडा. मूळ बोर्ड विश्रांतीला जातो आणि हवा तेव्हा तयारही असतो.

बाहेर काढलाच तर अँटीस्टॅटिक पिशवीत, कोरड्या जागी, आणि रबर बँड न लावता ठेवा. रबर कालांतराने विरघळून बोर्डावर चिकटतो. त्याआधी बोर्डावर बॅटरी आहे का ते पाहा. काहींची बॅटरी गळते आणि आजूबाजूचे ताम्रमार्ग खाऊन टाकते. कॅपकॉमच्या सीपीएस-२ बोर्डांवर (१९९३ पासून) गेम उलगडण्याची किल्लीच बॅटरीवर टिकलेल्या मेमरीत असते; बॅटरी संपली की गेम सुरूच होत नाही. किल्ली परत भरण्याची पद्धत आता आहे, पण "ठेवला होता जपून, तरी मेला" हे ऐकावं लागू नये म्हणून बॅटरी वेळेवर बदललेली बरी.

२०. गेमच्या रॉम फाइली कायदेशीर असतात का?

मेम कायदेशीर आहे, रॉमचा, म्हणजे मूळ बोर्डाच्या चिपमधून काढलेल्या गेमच्या प्रतीचा, हक्क मात्र गेमच्या मालकाकडे असतो आणि गेम जुना झाला म्हणून तो संपत नाही. तुमच्याकडे मूळ बोर्ड असेल तर त्यातून स्वतः प्रत काढण्याची मुभा आहे की नाही, हे देशागणिक बदलतं. मालकांनी अव्यावसायिक वापरासाठी मोकळे केलेले काही गेम मेमच्या अधिकृत संकेतस्थळावर मिळतात. ग्रिडली आणि रॉबी रोटो हे त्यातले. नाणी घेऊन लोकांना खेळायला द्यायचं असेल तर हा विषय घरगुती हौसेचा राहत नाही.

२१. फाइल बरोबर आहे, तरी मेम म्हणतं काही भाग सापडत नाहीत.

मेमची आवृत्ती आणि रॉमचा संच जुळत नाही. आवृत्तीगणिक फाइलींची नावं आणि विभागणी बदलते. जिथे मेम नवं, तिथे संचही त्याच आवृत्तीचा.

२२. मूळ बोर्ड परत लावला, आता तो मधेच रीसेट होतो. नव्या सामानाने बिघडवला का?

बहुधा नाही. आधी ५ व्होल्ट मोजा, पण सप्लायच्या टोकाला नाही; बोर्डावरच्या एखाद्या चिपच्या पायांवर, बोर्ड चालू असताना. ४.७५ च्या खाली असेल तर हेच कारण. नव्या सामानासाठी कुणी सप्लायवरचं समायोजनाचं बटण खाली केलं असेल, किंवा कनेक्टरच्या पिना काळवंडल्या असतील. कॅबिनेट बंद करून बोर्डाची कडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कनेक्टर दोन-चार वेळा आत-बाहेर करा, पुन्हा मोजा. तरीही कमी भरलं तरच बटण अगदी हलकं वर न्या आणि बोर्डावर ५.० ते ५.१ आलं की थांबा. सप्लायच्या टोकाला तेव्हा ५.२ दिसत असेल तर ते वायरीत हरवलेलं आहे, त्याची चिंता नको.